रिकाम्या माळावरची आगगाडी

अफाट माळ, त्यापलीकडे निळसर डोंगरांची रांग, वर ढगांनी ओथंबलेले आकाश आणि या सर्वांच्या मधोमध काडेपेटीएवढी दिसणारी आगगाडी. अशा छायाचित्रांना गेल्या दोन दशकांत आपल्याकडे एका स्वतंत्र प्रकाराची प्रतिष्ठा मिळाली आहे. आंतरजालावर ती अमाप सापडतात, दिनदर्शिकांवर छापली जातात, आणि त्यांच्याखाली मराठीत ललित मजकूरही लिहिला जातो. या मजकुराची शब्दकळा ठरलेली आहे. गाडी 'एकाकी' असते, माळ 'अनंत' असतो, रूळ 'क्षितिजात विरघळतात' आणि पाहणारा 'अंतर्मुख' होतो. खानदेश या प्रकाराला सोयीचा प्रदेश आहे. चाळीसगाव-पाचोरा पट्ट्यात दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग, जळगाव-भुसावळकडे गेल्यास उत्तरेला दूरवर सातपुडा, आणि मध्ये सपाट काळी जमीन. चौकट जणू आधीच आखून ठेवलेली.

या छायाचित्रांचे आकर्षण खरे आहे. आपली साहित्यिक अभिरुची त्या आकर्षणाचे जे स्पष्टीकरण देते ते मात्र खोटे आहे, आणि ते निरुपद्रवीही नाही. आमचा वाद छायाचित्रकारांशी फारसा नाही. तो आहे साहित्याच्या विद्यार्थ्यांशी, अध्यापकांशी आणि समीक्षकांशी, म्हणजे आपल्याच मंडळींशी. कारण ही शब्दकळा आपल्या वर्गांतून बाहेर पडली आहे.

प्रथम आकर्षणाविषयी. गाड्या पाहण्याचा नाद बालिश आहे, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला आम्ही बसणार नाही. मोठ्या प्रदेशातून जाणारी गाडी पाहताना दोन गोष्टी एकाच वेळी डोळ्यांत भरतात. एक, प्रदेशाला मोजपट्टी मिळते. गाडी येईपर्यंत समोरचा माळ किती मोठा आहे हे कळतच नाही. चोवीस डब्यांची गाडी त्यावरून सरकू लागली की तो किती खोल पसरला आहे ते उमजते. दोन, काळ दिसू लागतो. आवाज आधी, मग इंजिन, मग डबे, मग पुन्हा काहीच नाही. एरवी जे निश्चल वाटते त्याला आरंभ, मध्य आणि शेवट मिळतो. ही जवळजवळ कथनाची रचना आहे, आणि साहित्याच्या माणसाला तिची ओढ वाटावी यात नवल नाही.

अडचण यापुढे सुरू होते. या अनुभवाचे श्रेय आपण प्रदेशाच्या 'विस्तीर्णते'ला देतो, आणि विस्तीर्णतेचा अर्थ हळूच 'रिकामेपण' असा करून टाकतो. हे रिकामेपण कोठून आले? खानदेशाचा माळ रिकामा नाही. त्यात कपाशी आहे, तापीच्या काठाने केळीच्या बागा आहेत, विहिरी, बांध, गाडरस्ते, पाण्याच्या मोऱ्या आणि फाटके आहेत. रावेर, सावदा, निंभोरा या स्थानकांवरून केळी उत्तरेकडे रवाना होत आली आहेत. तेव्हा ज्याला आपण निसर्गदृश्य म्हणतो ते पुष्कळदा गाडीत चढण्याची वाट पाहणारे पीक असते. माळ रिकामा दिसतो, कारण आपण फार दूर उभे असतो. टेकडीवरून माणूस दिसत नाही, एवढाच याचा अर्थ. विस्तीर्णता हा जमिनीचा गुण मानून आपण जे लिहितो, तो वस्तुतः आपल्या उभे राहण्याच्या जागेचा गुण असतो.

ही जागा नवी नाही, आणि निष्पापही नाही. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेल्या जॉन चॅपमन याने १८५१ साली हिंदुस्थानातील कापूस आणि व्यापार यांवर ग्रंथ लिहिला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, त्याच्या दोन वर्षे आधी. चॅपमनच्या डोळ्यांसमोर प्रदेश होता तो लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा, आणि त्या प्रदेशातली उणीव एकच, बंदरापर्यंत नेणारा मार्ग. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस अडकला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला अचानक सोन्याचे मोल आले. त्याच दशकात लोहमार्ग घाट चढून भुसावळपर्यंत आणि तेथून एका फाट्याने नागपूरपर्यंत गेला. दुसऱ्या फाट्याने १८७० साली जबलपूर येथे कलकत्त्याकडून आलेल्या मार्गाशी त्याची गाठ पडली. प्रदेशाकडे उंचावरून पाहायचे आणि त्यात माणसांऐवजी अंतर मोजायचे, ही दृष्टी प्रथम आखणी करणाऱ्याची होती. तिला उपयोग होता, हिशेब होता. आज आपण हिशेब विसरलो आहोत आणि उंची तेवढी ठेवली आहे.

कोणी म्हणेल, कलेला हिशेबाशी काय कर्तव्य? तर कलेचाच दाखला घेऊ. १८४४ साली इंग्लंडमध्ये दोन गोष्टी घडल्या. वर्डस्वर्थने आपल्या सरोवरांच्या प्रदेशात येऊ घातलेल्या लोहमार्गाविरुद्ध सुनीत लिहिले, आणि टर्नरने पाऊस, वाफ व वेग यांत बुडालेल्या गाडीचे आपले प्रसिद्ध चित्र प्रदर्शित केले. आपल्याकडील छायाचित्रांचे मूळ टर्नरमध्ये शोधण्याची पद्धत आहे. परंतु त्या चित्रात इंजिनाच्या पुढे, रुळांवरून एक ससा पळतो आहे. आता तो जेमतेम दिसतो, पण चित्रकाराने तो रंगवला होता. ज्याने वेगाचा साक्षात्कार प्रथम चित्रात आणला, त्याला त्या वेगापुढे जीव घेऊन धावणारे काहीतरी दाखवणे आवश्यक वाटले. सत्यजित राय यांच्या १९५५ सालच्या 'पथेर पांचाली'तले कासफुलांचे रान सर्वांना आठवते. त्या रानातून धावणारी दोन मुले काढून टाकली तर मागे काय उरेल, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. विभूतिभूषणांच्या १९२९ सालच्या कादंबरीत दुर्गा गाडी न पाहताच मरते. तिच्या दृष्टीने गाडीचे दूर असणे म्हणजे वंचना. दृश्याची मौज तिच्या वाट्याला आलीच नाही. या दोन्ही कलावंतांनी अग्रभूमी राखली. आपली छायाचित्रे आणि त्यांखालचा मजकूर नेमकी तीच पुसतो.

वोल्फगांग शिवेलबुश या जर्मन अभ्यासकाने १९७७ साली रेल्वेप्रवासावर लिहिलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले, की गाडीच्या वेगाने प्रवाशाची अग्रभूमी नाहीशी केली. खिडकीजवळचे झाड धूसर होते, दूरचा डोंगर तेवढा स्थिर राहतो, आणि प्रवासी प्रदेशाकडे एखाद्या सरकत्या चित्रपटाप्रमाणे पाहू लागतो. प्रवाशाला हा तोटा वेगामुळे सोसावा लागला, त्याचा नाइलाज होता. टेकडीवर तिपाई लावून तासभर बसलेल्या माणसाला मात्र वेगाची सबब नाही. त्याच्याजवळ भरपूर वेळ असतो, आणि तरीही तो प्रवाशाचीच दृष्टी उसनी घेतो.

आता आपल्या साहित्याकडे येऊ, कारण मूळ दोष येथे आहे. त्र्यंबक बापूजी ठोंबरे १८९० साली धरणगावी जन्मले. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात ते 'बालकवी' झाले. ५ मे १९१८ रोजी जळगाव आणि भुसावळ यांच्या दरम्यान असलेल्या भादली स्थानकाजवळ रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून ते गेले. वय २७ वर्षे. मराठीतला सर्वश्रेष्ठ निसर्गकवी आगगाडीखाली सापडतो, ही गोष्ट आपण शंभराहून अधिक वर्षे सांगत आलो आहोत, आणि दर वेळी 'दैवदुर्विलास' या एका शब्दावर थांबत आलो आहोत. चरित्राच्या टिपणात मृत्यूची एक ओळ येते, आणि कवितेच्या विवेचनात निर्झर, फुलराणी, औदुंबर. दोहोंच्या मध्ये भिंत आहे.

बालकवींच्या कवितेत रूळ शोधा, असे सांगण्याचा भाबडेपणा आम्ही करणार नाही. कवीने काय लिहावे हे त्याने ठरवले. प्रश्न समीक्षेचा आहे. बालकवी ज्या खानदेशात वाढले तो काळाबाहेरचा हिरवा प्रदेश नव्हता. मुंबई-भुसावळ मार्ग त्यांच्या जन्माआधीच पाव शतक जुना होता. सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून येणारा मार्ग ते दहा वर्षांचे असताना, १९०० साली, अमळनेरपर्यंत पोहोचला, आणि आज धरणगाव त्याच सुरत-जळगाव मार्गावरचे स्थानक आहे. गावातून स्थानकाकडे जाणारी माणसे रूळ ओलांडत होती, आजही ओलांडतात. कवीच्या पायाखालच्या निसर्गात खडी होती, लोखंड होते. समीक्षेने त्यांना 'शुद्ध निसर्गा'चा कवी ठरवताना ती खडी बाजूला झाडली. मग 'पारवा' किंवा 'खेड्यातील रात्र' यांतल्या उदासीनतेसाठी केवळ कवीच्या मनात कारणे शोधावी लागली. टेकडीवरचा छायाचित्रकार आज जे करतो, ते आपण वर्गात कधीपासून करत आलो आहोत.

हा निव्वळ वाङ्मयीन वाद नाही, हे सांगायला एक तारीख पुरे. २२ जानेवारी २०२५. पाचोऱ्याजवळ माहेजी आणि परधाडे या स्थानकांच्या दरम्यान, संध्याकाळी पाचच्या सुमारास, लखनौहून मुंबईला निघालेली पुष्पक एक्स्प्रेस थांबली. डब्यात आग लागल्याची अफवा पसरली होती. प्रवासी घाबरून शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली सापडले. किमान बारा जण मेले. त्यांत पोटासाठी मुंबईकडे निघालेले लोक होते, नेपाळचेही काही होते. त्या ठिकाणी मार्गाला वळण असल्याने समोरची गाडी वेळेत दिसण्यात अडथळा आला, असे रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले.

वाचकांनी या वाक्यातल्या दोन तपशिलांकडे पाहावे : वळण, आणि जानेवारीतली संध्याकाळ. गाड्यांची छायाचित्रे काढणाऱ्या कोणालाही विचारा, जागा कशी निवडतात? वळणावर, कारण तेथे संपूर्ण गाडी एका नजरेत मावते. वेळ कोणती? हिवाळ्यातली संध्याकाळ, कारण तिरपे ऊन डब्यांवर सोनेरी पडते. टेकडीवरून जे वळण गाडीचा आकार उलगडून दाखवते, तेच रुळावर उभ्या असलेल्या माणसाला पलीकडची गाडी दिसू देत नाही. सौंदर्य आणि आंधळेपण येथे एकाच भूमितीतून निघतात. कोणाच्या वाट्याला काय येते, ते उभे राहण्याच्या जागेवरून ठरते. जो समीक्षाविचार या जागेविषयी बोलत नाही, त्याला आम्ही सौंदर्यविचार म्हणायला तयार नाही.

याच पाचोऱ्याहून जामनेरपर्यंत अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून एक छोटी गाडी धावत असे. सुमारे ५५ किलोमीटरचा हा मार्ग मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबला, आणि ती गाडी पुन्हा सुरू झाली नाही. मार्गाचे रुंदीकरण करण्याची योजना हाती घेण्यात आली आहे. या गाडीची छायाचित्रे आणि चित्रफिती आंतरजालावर विपुल आहेत. त्यांखालचा मजकूर वाचला की वाटते, एखादे फुलपाखरू नामशेष झाले. 'गोड', 'चिमुकली', 'हरवलेला काळ'. पण पाचोरा-जामनेर भागातले शेतकरी, बाजाराला जाणाऱ्या बाया, शाळा-महाविद्यालयात जाणारी मुले यांच्या दृष्टीने ती स्वस्त तिकिटाची गाडी होती. ती बंद पडल्यावर त्यांना एसटी आणि काळीपिवळी यांकडे वळावे लागले. स्मरणरंजनाला या हिशेबाचे वावडे असते. बंद पडलेली गाडी त्याला चालत्या गाडीहून अधिक प्रिय, कारण तिच्यातून आता कोणी उतरत नाही आणि चौकटीत येत नाही.

धुळ्याची गोष्ट याहून बोलकी आहे. १९०० सालापासून चाळीसगावहून निघालेला सुमारे ५५ किलोमीटरचा फाटा धुळ्यात येऊन संपतो. मुंबई-आग्रा महामार्गावरचे हे जिल्ह्याचे शहर रेल्वेच्या नकाशावर शतकाहून अधिक काळ टोकाचे स्थानक राहिले. धुळे-नरडाणा मार्गाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये झाले. धुळ्यावरून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. धुळेकराला विचारा, विस्तीर्ण माळ म्हणजे काय. तो सांगेल, ज्यावरून गाडी जात नाही तो. धुळ्यापासून उत्तरेला नरडाण्यापर्यंतचा माळही छायाचित्रात सुंदर दिसेल. तेथल्या लोकांची त्या सौंदर्याविषयीची तक्रार अशी, की त्यात मधोमध असायला हवी ती गोष्ट नाही.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की कलाकृतीकडून समाजशास्त्राचा अहवाल मागणे अरसिकपणाचे आहे. याचे उत्तर चाळीसगावातच आहे. केकी मूस (१९१२-१९८९) इंग्लंडात छायाचित्रणाचे शिक्षण घेऊन परतले आणि पुढे जवळजवळ सारे आयुष्य चाळीसगावच्या स्थानकाजवळच्या आपल्या घरातच राहिले. त्यांची कीर्ती झाली ती टेबल-टॉप छायाचित्रणासाठी. साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडून, प्रकाश योजून, ते खऱ्याखुऱ्या निसर्गदृश्याचा आभास निर्माण करीत. पंजाब मेलने परत येण्याचे वचन देऊन गेलेल्या प्रेयसीची ते आयुष्यभर वाट पाहत राहिले, रात्री ती गाडी निघून जाईपर्यंत जागत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवू. तिनेही मूस यांच्या कामावर पुष्कळ धुके पसरवले आहे. उरते ते असे : या माणसाने विस्तीर्ण प्रदेश टेबलावर रचला आणि तो रचलेला आहे हे लपवले नाही. टेबल-टॉप या नावातच कबुली आहे. अहवाल आम्ही कोणाकडूनच मागत नाही. एवढी कबुली मागतो. आज माळावरच्या चित्रातून विजेचे खांब आणि तारा संगणकावर पुसून टाकून खाली 'अस्पर्श निसर्ग' असे लिहिणारा ती देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा चिकित्सेने पाहण्याचा आनंदच नष्ट होईल, असे म्हटले जाईल. आमचा अनुभव उलट आहे. गाड्यांचे जे खरे नादिक असतात, म्हणजे ज्यांना साहित्यिक मंडळी किंचित कीव करून 'रेल्वेवेडे' म्हणतात, त्यांच्याकडे पाहा. कोणते इंजिन भुसावळच्या विद्युत शेडचे, कोणती मालगाडी कोणासाठी बाजूला काढून ठेवली आहे, चढ कोठे लागतो, सिग्नल कोणता, जळगाव-उधना मार्गाचे दुहेरीकरण झाल्यापासून काय बदलले, हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांची छायाचित्रे कधीकधी रुक्ष असतात, पण त्यांत गाडी कोठून तरी येते आणि कोठे तरी जाते. गँगमन दिसला तर ते त्याला चौकटीतून हाकलत नाहीत. तो कोणते काम करतो आहे तेही सांगतात. जाणकारीने त्यांचा आनंद कमी झालेला आम्हाला दिसला नाही. उलट 'अनंता'चा जप करणाऱ्या रसिकाला तिसऱ्या छायाचित्रानंतर सांगण्यासारखे काही उरत नाही, कारण अनंताला तपशील नसतात. संगीतात आपण जाणकार श्रोत्याला मान देतो. गाडीच्या बाबतीत मात्र अजाण भारावलेपणाला संवेदनशीलता आणि माहितीला वेड म्हणतो. ही उतरंड उलटी केली पाहिजे.

म्हणून साहित्याच्या वर्गासाठी आमची मागणी साधी आहे. बालकवी शिकवताना फळ्यावर खानदेशाचा नकाशा काढावा, त्यावर धरणगाव आणि भादली दाखवावीत आणि त्यांवरून जाणारे दोन्ही लोहमार्ग, त्यांच्या सालांसह, आखावेत. मग 'औदुंबर' वाचावी. कविता उणी होणार नाही. कदाचित तिच्यातली शांतता किती मोलाने मिळवलेली होती ते प्रथमच लक्षात येईल. निसर्गचित्रणावर निबंध लिहायला सांगताना विद्यार्थ्याला एक प्रश्न सक्तीचा करावा : हे दृश्य कोठे उभे राहून पाहिले? आणि माळावरच्या गाडीवर ज्याला ललित लिहायचे असेल त्याने त्या आधी एकदा टेकडी उतरून फाटकापाशी उभे राहावे. रुळांवर जाऊ नये. ते १९८९ च्या रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि भादलीला काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. फाटकाच्या अलीकडे, सायकली, बैलगाड्या आणि केळीने भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगेत थांबावे. गाडी तेथूनही दिसते. काडेपेटीएवढी नव्हे, अंगावर येणारी, जमीन हादरवणारी, खिडक्याखिडक्यांतून चेहरे असलेली. ती गेल्यावर माळ पुन्हा दिसू लागतो, आणि त्यात किती माणसे फाटक उघडण्याची वाट पाहत उभी होती तेही दिसते.